फोनला मराठी येत नव्हतं

"ह्यात रेडिओ कुठं लागतो?" निवृत्तीनं विचारलं.

"रेडिओ न्हाई त्यात."

"बरं. मग गाण्याचं कार्ड कुठं घालायचं?"

"कार्डबी न्हाई. सगळं आतच असतंय म्हणं."

निवृत्ती शिंप्यानं फोन उलटा केला, सुलटा केला, कडेनं बोट फिरवलं. मशीनच्या सुईखाली कुणाची तरी विजार अडकून पडली होती आणि ज्याची विजार होती तोही मान वाकवून फोनच बघत होता. संपतनं, माझ्या मुलानं, तो फोन सेलमहून गावाकडं येणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवला होता. दिवसभर टीव्हीवर त्याची जाहिरात चालायची. गावात तो सगळ्यांत आधी माझ्या हातात आला होता, म्हणून मी तो मिरवायला शिंप्याच्या दुकानात घेऊन गेलो होतो.

"चार्जर दावा की."

"खोक्यात नव्हता. जुनाच लावा म्हणतोय संपत."

"जुना बसतोय?"

"न्हाई बसत."

"म्हंजे नवरी आली आन वऱ्हाड मागंच ऱ्हायलं," निवृत्ती म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. "शेठ, कानात घालायची वायर तरी जोडता येती का ह्याला? भोक दिसंना कुठं."

मी फोन त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः चाचपून बघितला. खाली चपटं भोक होतं, ते चार्जरचं. वायरचं गोल भोक कुठंच नव्हतं. वर नाही, खाली नाही, बाजूला नाही.

"मग हाय तरी काय ह्यात?" विजारवाला म्हणाला.

"फोटो चांगलं येत्यात," मी म्हणालो आणि फोन खिशात टाकून घरी आलो. रेडिओ नसला, कार्ड नसलं, तरी माझं काही अडणार नव्हतं. वायरीचं भोक नव्हतं, तिथं माझं सगळंच अडलं होतं.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. हे बायकोशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर जातात. गलाई म्हणतात त्याला. मिसरूड फुटायच्या आधीच मी चुलत्याबरोबर सेलमला गेलो, भट्टीचा भाता ओढायला. त्याआधी शाळा बघितली ती बाहेरूनच. सेलमला तमिळ बोलायला शिकलो, काट्यावरचे इंग्रजी आकडे शिकलो आणि चित्र काढावं तशी सही काढायला शिकलो. पुढं दुकान माझं झालं, आणि मग शिकायची लाज वाटायला लागली. ज्याला नोकर शेठ म्हणतात त्यानं पाटी घेऊन कुणापुढं बसायचं? म्हातारपणी दुकान संपतच्या हाती देऊन गावी परत आलो, तोही शेठ म्हणूनच. रोज सकाळी निवृत्तीच्या दुकानात पेपर उघडून बसायचो. शेजारचा कुणी बातमी मोठ्यानं वाचेपर्यंत पान उलटत नसे.

श्रावणात आमच्याकडं दुपारची पोथी लावतात. एकजण चालीवर ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. तातोबा सुतार वाचायचा आणि मी सांगायचो. सांगायला अक्षर लागत नाही. मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, वर मुलूख बघितलेला, त्यामुळं माझं सांगणं बायकांना आवडायचं. त्या वर्षीची पोथी चंद्राक्काच्या घरी, पुढच्या सोप्यात होती. तिच्या लेकीला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते, आणि चंद्राक्कानं नवस बोलला होता की महिनाभर पोथी चालेल, एक दिवसाचा खाडा पडणार नाही. मध्येच तातोबाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. ती पुढं ढकलता येईना.

"मग शेठ वाचतील की," चंद्राक्का म्हणाली. "सांगतील बी तेच. तात्या बरा होईस्तोवर."

निवृत्तीला वाचता यायचं, पण चाल लागत नव्हती, त्यामुळं त्याचं नाव कुणी काढलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

आणि त्याच दिवसांत ती जाहिरात. त्यात धोतरातला एक म्हातारा हातात पत्र घेऊन एकटाच बसलेला असायचा. पत्रावर फोन धरायचा, आणि फोन त्याला पत्र वाचून दाखवायचा. म्हातारा हसायचा. शेवटी एक बाई म्हणायची, आता तुमच्या भाषेत. ती जाहिरात लागली की माझा घास हातातच राहायचा. मी संपतकडं हट्ट धरला. सगळ्यांकडं तो फोन आहे म्हणालो, जुन्याचा आवाज जातो म्हणालो. बेत साधा होता. फोन पोथीसमोर उभा करायचा, वायर कानात घालायची, वरून फेटा बांधायचा. फोन कानात सांगेल तसं मी चालीवर म्हणेन.

"सांगून टाका की लोकास्नी," घरी आल्यावर गोदा म्हणाली. ती भाकरी थापत होती. "मला कुठं येतंय वाचायला? मी काय मेले?"

"तुझं येगळं."

"काय येगळं?"

मी फोन फळीवर ठेवला आणि हात धुवायला गेलो. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पुन्हा विचारलं नाही.

वायर नाही तर नाही, दुसरी वाट होती. घरात दार लावून फोनकडून अध्याय वाचून घ्यायचा आणि ऐकून पाठ करायचा. माझी आठवण चांगली होती. गिऱ्हाइकांची वजनं मी जन्मभर डोक्यात ठेवली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वाचन झाल्यावर चंद्राक्काकडून पोथी घरी आणली, आधी नजरेखालून घालतो म्हणून. तिनं ती लाल फडक्यात बांधून दिली, वर म्हणाली, "किती काळजी तुमास्नी." तालुक्याहून चार्जर मागवून फोन भरूनच ठेवला होता. फोन आणणाऱ्या माणसानं मला डोळ्याचं चित्र दाखवून ठेवलं होतं, त्यावर बोट ठेवलं की वाचायला लागतो म्हणून.

पोथी पाटावर उघडली. मोरपिसाची खूण होती ते पान समोर धरलं. डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

फोनमधली बाई आधी इंग्रजीत काही बोलली. मग हिंदीत म्हणाली की ही भाषा अजून उपलब्ध नाही.

मी पोथी उजेडाला नेली. फोन जवळ धरला, लांब धरला. दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. मोरपीस खाली पडलं ते उचलून परत घातलं. बाई तेच सांगत राहिली, एकाच आवाजात, न कंटाळता. शेवटी रागानं मी फोन भिंतीकडं वळवला. तिथं आमच्या सेलमच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं होतं, तमिळमधलं. आणि फोन घडाघडा वाचायला लागला. दुकानाचं नाव, रस्ता, अमावास्या, कुठल्या दिवशी दुकान बंद. सगळं स्वच्छ. मला ते सगळं समजतही होतं.

गोदा दारात उभी होती. "मद्राशी येतंय की त्याला," ती म्हणाली.

मी संपतला फोन लावला.

"ते वाचायचं मराठीत चालंना रे."

"मराठी अजून टाकलेलं नाही आबा त्यांनी. पुढं येणार आहे म्हणतात."

"पुढं म्हंजे कधी?"

"दिवाळीपर्यंत. नायतर त्याच्याही नंतर."

"जाहिरातीत तर म्हातारा धोतर नेसलाय."

संपत हसला. "धोतर इकडं पण नेसतात की. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आबा, ठरावीक भाषांतच म्हणून. वाचलं नाही तुम्ही?"

"नजरंतनं सुटलं."

"पण तुम्हाला कशाला पाहिजे ते? तुम्हाला येतं की वाचायला."

"तातोबासाठी बघत हुतो," मी म्हणालो. "त्याला दिसत न्हाई."

"मग त्यांना म्हणावं थोडं थांबा," संपत म्हणाला. माझ्या मुलालाही मी कधी कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोप्यात घोंगड्या अंथरल्या होत्या. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. चंद्राक्काची लेक भिंतीला पाठ टेकून, पोटावर हात ठेवून बसली होती. तातोबाही आला होता, सकाळीच ऑपरेशन होऊन. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि वर काळा चष्मा. घरी करमत नाही म्हणाला आणि खांबाला धरून बसला.

मी पोथीपुढं बसलो. मोरपीस होतं तिथं उघडली. सुरुवातीचं नमन मला पाठ होतं, ते चालीत म्हणालो. गळा बरा लागला. पुढच्या काही ओव्याही आठवत होत्या, त्या बोट फिरवत म्हणालो. मग आठवेना. मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. पान उलटून बघितलं. काळ्या ओळी मुंग्यांसारख्या दिसत होत्या. आतल्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात खांबाकडून ओवी आली. मी जिथं थांबलो होतो तिथूनच, त्याच चालीत. तातोबा म्हणत होता. लोकांना वाटलं, जुना वाचक आहे, राहवलं नाही त्याला. मीही त्याच्या मागं मागं शब्द उचलायला लागलो. तो एक ओवी म्हणे, मी तीच म्हणे, बोट ओळीवरून सरकवत जाई. पान संपलं असेल असं वाटलं तिथं मी पान उलटलं. असं बरंच चाललं. मला वाटलं आजचा दिवस निघाला.

निवृत्ती माझ्या शेजारीच बसला होता. त्याला पोथीत डोकावायची सवय होती.

"थांबा, थांबा," तो म्हणाला. "शेठ, ह्ये पान त्ये न्हवं. तात्या पाळण्याचं म्हणतोय, आन हितं तर लढाई चाललीया."

बायकांत खसखस पिकली. निवृत्तीनं तातोबाकडं बघितलं. "आन तात्या, तुमचा तर डोळाच बांधलाय. तुम्ही कशात बघून म्हणताय?"

"कशातच न्हाई," तातोबा म्हणाला. "पाठ हाय मला."

"आख्खी पोथी?"

"बरीचशी." तातोबानं काळा चष्मा काढून हातात धरला. "दोन वरसं झाली, मला अक्षर दिसत न्हाई. पान पुढ्यात घिऊन पाठचंच म्हणत आलोय. कालची खूणबी मीच चुकीच्या पानात ठिवली आसंल. शेठला काय बोलता? त्यो बिचारा माझ्या मागनं म्हणत हुता."

खूण चुकली होती माझ्या घरी, फोनपुढं पानं उलटताना. हे मला माहीत होतं आणि मी पोथीकडं बघत बसलो.

चंद्राक्का उठून पुढं आली. तिनं पोथीवर हात ठेवला. "म्हंजे माझ्या नवसाची पोथी वाचलीच न्हाई?"

"वाचली न्हाई, अक्का, पण म्हणली. एक ओवी खाल्ली न्हाई."

"म्हणली म्हंजे वाचली न्हवं. माझी पोर बसलीया हितं, तात्या. तुला येवढ्या वर्षात सांगाया काय झालंतं, दिसत न्हाई म्हणून?"

तातोबानं मान खाली घातली. "लाज वाटली," तो म्हणाला.

"लाज," चंद्राक्का म्हणाली. मग माझ्याकडं वळली आणि पदर सावरून, हात जोडून म्हणाली, "शेठ, उद्यापासनं तुम्हीच वाचायचं. पयल्या अध्यायापासनं. माझ्या दारात आता ह्याचं पाठांतर नगं. तात्यानं हितं बसूबी ने."

तातोबा खांबाला धरून उठायला लागला. पायाखालची घोंगडी त्याला नीट दिसत नव्हती, पाय अडकला आणि कुणी तरी त्याला सावरलं.

"अक्का, मला वाचाया येत न्हाई," मी म्हणालो.

"चष्मा बदलून घ्या की मग."

"चष्म्याचं न्हाई. येतच न्हाई. कधीच येत नव्हतं."

तिला कळायला वेळ लागला. सगळ्यांनाच लागला. मग मागून कुणी तरी हळूच म्हणालं, "मग पेपर?"

निवृत्ती माझ्याकडं बघत होता. "व्हय की. रोज माझ्या दुकानात पेपर धरून बसता, त्ये काय करता मग?"

"फोटो बघतो," मी म्हणालो.

आता मात्र सगळा सोपा हसला. बायकांनी तोंडाला पदर लावले. चंद्राक्काची लेकही हसली आणि हसता हसता तिनं पोट धरलं. मी वाकून पोथी मिटली. मोरपीस कुठं घालावं ते कळेना, म्हणून ते तसंच वर ठेवलं. एकटा तातोबा हसला नाही. तो उभाच होता, आवाजाच्या दिशेला तोंड करून.

आम्ही दोघं बरोबरच बाहेर पडलो. मी त्याचा दंड धरला होता.

"खूण तू न्हाई चुकवलीस," मी म्हणालो.

"ठावं हाय."

"मग कशाला अंगावर घेतलंस?"

"तू पान उलटल्याला आवाज आला मला," तातोबा म्हणाला. "वाचणारा माणूस इतक्या बिगी पान उलटत न्हाई. म्हणलं, ह्याचंबी आपल्यासारखंच हाय काय तरी. मी तर काय, उघडा पडलोच हुतो. तू कशाला बोललास?"

मी त्याला घरापर्यंत सोडलं.

चंद्राक्कानं नवस मोडू दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून निवृत्तीनं पोथी पहिल्यापासून वाचली. चाल नाही, काही नाही, गिऱ्हाइकाला माप सांगावं तशी वाचली. अर्थ सांगायला मला कुणी बोलावलं नाही. दोन-चार दिवसांनी चंद्राक्काचा राग उतरला, मग तातोबा आणि मी मागं दाराशी बसून ऐकायचो. निवृत्ती कुठं अडखळला की तातोबाचे ओठ हलायचे, पण आवाज काढायचा नाही तो. मला अजूनही सगळे शेठच म्हणायचे, आणि प्रत्येक वेळी तो शब्द कानाला टोचायचा. अक्षरं मी त्याच हिवाळ्यात शिकलो, तातोबाचा डोळा उघडल्यावर, त्याच्याच समोर बसून. हे लिहितोय ते त्याच अक्षरांत. पण त्या दिवसाचं अजून राहिलं आहे.

दिवेलागणीला फोन वाजला. नवाच फोन. त्याच्यावर संपतचा फोटो यायचा.

"आबा, दुकानात दोघा-तिघांचे फोन येऊन गेले. गावाकडनं कायकाय सांगतायत."

गलाईवाल्यांत बातमी अशीच पळते. गावात सोपा हसला की सेलमला कळतं.

"काय सांगत्यात?"

"तुम्हाला वाचता येत नाही म्हणून."

"खरं हाय."

त्याच्या मागं भट्टीचा आवाज येत होता.

"कधीपासनं?" त्यानं विचारलं. मग त्याचं त्यालाच काय विचारलं ते कळलं असावं.

"पयल्यापासनं," मी म्हणालो.

"मग निकालाच्या दिवशी? शाळेत?"

"कुठला निकाल?"

"मी आठवीत होतो. भिंतीवर निकालाचा कागद लावला होता. तुम्ही दुकान सोडून माझ्याबरोबर आला होता. गर्दी होती. मला मागं उभं केलंत, पुढं जाऊन बघितलंत, आणि येऊन म्हणालात, हाय नाव तुझं, चल. मला मैसूरपाक घेऊन दिलात."

"आठवतंय."

"माझं नाव नव्हतं त्यात, आबा. मी सकाळी एकटा जाऊन बघून आलो होतो."

मी खाटेवर बसलो. गोदा आतून बघत होती.

"मला वाटलं, तुम्ही बघितलं आणि माझी लाज राखली," संपत म्हणाला. "घरी आईला पण पास झाला म्हणून सांगितलंत. मी शाळा सोडून भट्टीवर येतो म्हणालो, तेव्हा पण काही विचारलं नाहीत. नापास झालास म्हणून कधी बोलला नाहीत. आबा, मी माझ्या पोराला सांगितलंय हे. तो नापास झाला तेव्हा मी त्याच्यावर हात उचलणार होतो, आणि मला तुम्ही आठवला. त्याला जवळ घेऊन सगळं सांगितलं, की तुझे आजोबा असे आहेत."

त्या दिवशी मी कागदापुढं उभा होतो ते मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं. वळणावळणाची तमिळ अक्षरं, वरपासून खालपर्यंत. मी एक ओळही बघितली नव्हती. शेजारी कुणाचा तरी बाप उभा होता, तो हसत होता. त्याचं हसणं बघून मी मागं वळलो होतो.

"ऐकताय ना?" संपत म्हणाला.

"मला ठावं नव्हतं, तू नापास झालावतास."

"हां," तो म्हणाला. "कळलं आता."

तेवढ्यात तिकडं गिऱ्हाईक आलं. संपतनं फोन बंद केला नाही, नुसता काउंटरवर ठेवला असावा. तो त्या माणसाशी तमिळमध्ये बोलत होता. वजन सांगत होता, गाळल्यावर घट किती येईल ते सांगत होता. आवाज नेहमीचाच होता. मी फोन कानाला लावून ऐकत राहिलो, आणि तो परत येईना.